लाल पाठीचे मामा

३० जुलै, बुधवार
काल पंचमी झाली. आज टेंभुर्णीला दवाखान्यात. चिमीला परवापासून पुन्हा जुलाब, उलटी पण. डोळे आत गेल्ते लेकराचे. तरी डॉक्टरीणबाईच्या गळ्यातली नळी धरून ओढून राह्यली, मंग माझा जीव खाली आला. ओढणारं लेकरू बरं होतं. आमचा दत्ता असाच, दुखण्यात पण वैद्याची टोपी पळवली होती त्यानं. आता त्याचीच ही लेक.

पाण्यात कालवायची पुडी दिली, झिंकच्या गोळ्या दिल्या. लसीचे डोस बराबर घेतलेत म्हणून जल्दी सावरली, असं म्हणली बाई. मंग एकदम, "आजी, घरात उंदीर आहेत का?"

मी म्हणले, "न्हाई."

शीतलनं माझ्याकडं बघितलं. सून आहे, चारचौघांत बोलली न्हाई.

शेतकऱ्याचं घर. ज्वारी, मका, सरकीचं पोतं. उंदीर न्हाई तर काय हत्ती राहतेल. पण परक्या बाईपुढं कसं सांगायचं. स्वैपाकघर स्वच्छ ठेवता का, असं विचारल्यावानी वाटतं ते.

येताना जीपमधी शीतल म्हणली, "आई, हे दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झालं तर मी हिला जालन्याला माझ्या आईकडे ठेवणार. मोठी होईपर्यंत." आवाज चढवला न्हाई. चढवला असता तर मी मनावर घेतलं नसतं.

चिमी अजून वर्षाची पण न्हाई. मोठी म्हंजी किती मोठी, ते विचारायचं राहून गेलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार
चिमी बरी. शेळीला "म्मा" म्हणली. शीतलला वाटलं तिला म्हणली. मी गप राह्यले, पण शेळीलाच म्हणली.

शीतलनं पिठाच्या डब्यामागं मोबाईलचा उजेड पाडून लेंड्या दाखवल्या. मी म्हणले, काळे तीळ सांडले असतेल. ती म्हणली, "मग खाऊन दाखवा." जालन्याची आहे, तोंड आहे तिला. मला आवडतं, पण तसं सांगत न्हाई.

मंग मोठ्यानं म्हणली, "उंदरांसाठी पिंजरा आणायचा." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. असं नाव घेऊन बोलायचं न्हाई घरात. ते भिंतीत बसून ऐकतंय अन् मंग पेटीतली लुगडी कुरतडतंय. माझी सासू कायम "मामा" म्हणायची. मामाला जेवायला बोलवायचंय म्हणलं का समजून घ्यायचं. इथं पण मामाच लिहीन. त्याला वाचता येत न्हाई पण कुरतडता येतं.

३ ऑगस्ट, रविवार
ह्यांनी बाजारातून पिंजरा आणला. कांद्याचं भजं लावलं आत. सकाळी बघते तर मामा बसलेला, भजं खाऊन, मिशा पुसत. चांगला गलेलठ्ठ. आमचीच ज्वारी.

श्रावणात मारायचं न्हाई. तसं आमच्यात मेंढरामागं हिंडणाऱ्यांना सगळ्याच जिवाचं वाटतं. मी म्हणले, वढ्याकाठी सोडून येते. हे बाजेवरून म्हणले, "परत तोच आला तर कळंल कसं? मेंढराला लावतो तसा रंग लाव त्याला." चेष्टेनं म्हणले. पण मला पटलं. आमच्या मेंढरांच्या पाठीवर लाल, दिराच्या मेंढरांवर निळा, असं सासऱ्याच्या वेळेपासून वाटून दिल्यालं. काडीला चिंधी बांधली, रंगात बुडवली, पिंजऱ्याच्या गजातून पाठीवर फिरवली. ओरडला थोडा. चिमी कडेवर, टाळ्या वाजवून राह्यली होती.

वढ्याकाठी सोडला. नवरदेवावानी गेला.

६ ऑगस्ट
अजून दोन. दोन्ही लाल करून सोडले. शीतल म्हणती मारून टाका. तिला म्हणलं, थांब, मला कळतं. बक्कळ वर्षं झाली मला ह्या घरात. मामा कुठून येतो, कुठून जातो, सगळं ठावं आहे. चार जागा आहेत, चारही मोकळ्या करते बघ, जालना-बिलना काही लागणार न्हाई.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. शीतलचा भाऊ नीलेश आल्ता जालन्याहून, मोटारसायकलवर. पोरगा चांगला, पण पाय ठेवल्या ठेवल्या म्हणतो, "ताई, घेऊन जातो दोघींना. तिकडे फिल्टरचं पाणी आहे, फरशी आहे."

मी पुरण वाटून राह्यले होते. म्हणले, "नीलेशराव, फरशीवर लेकरू घसरतं."

"आई, तुमच्या मातीत घसरत नाही, पण..." अन् थांबला. शीतलनं डोळे वटारले होते.

जाताना पुन्हा विचारलं त्यानं. शीतल म्हणली, "आज नाही." "नाही" म्हणली न्हाई, "आज नाही" म्हणली. मी आतून ऐकलं. त्याला डब्यात पोळ्या जास्तीच्या भरून दिल्या. पोळीनं माणूस मऊ होतो, असा माझा अनुभव.

११ ऑगस्ट, सोमवार
आज हसून पोट दुखलं अन् मंग हसू गेलं.

सकाळी पिंजऱ्यात लाल पाठीचा. आपलाच. वढ्यावरून चालत घरी आला. ह्यांनी विचारलं, "सामान पण आणलंय का त्यानं?"

दुपारी गयाबाई आली, माझी धाकटी जाऊ. मधी एकच भिंत आमच्या घरात. पदराखाली तिचा पिंजरा. त्यात दुसरा लाल पाठीचा.

"बाई, हा तुमचा न्हाई का?"

"माझा कशाला?"

"लाल रंग गावात दुसऱ्या कुणाचा आहे?"

म्हणले, वढ्याकाठी सोडले होते, तुझ्याकडं पाहुणे आले असतेल. ती पदरातच हसली. मंग सांगितलं, ती पण श्रावण पाळती, ती पण सोडती. कुठं? आमच्या गोठ्यामागं. कधीपासून, तर दर वर्षी. म्हंजी मी तिच्याकडं पाठवते, ती माझ्याकडं. लेकी दिल्यावानी.

ती म्हणली, आता मी पण निळा लावते, मंग बघू कुणाचे जास्त.

शीतल दारात उभी होती. तिला हसू आलं न्हाई.

१२ ऑगस्ट
निळ्या पाठीचा एक, आमच्या चुलीमागं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
अंगणवाडीत पाच-सहा लेकरांना जुलाब. मंगल, अंगणवाडीची बाई, दारात आली. म्हणली, तिथलं तांदळाचं पोतं हलवलं तर मागून दोन पळाले. एक लाल, एक निळा. लेकरं ओरडली, होळी आली होळी आली.

मंगल भांडायला आल्ती, पण दमलेली होती. म्हणली, "काकू, खिचडीच्या तांदळात तुमचे रंगवलेले उंदीर. आता आयांना काय सांगू मी?" नाव घेऊन म्हणली, उंदीर. मी तिला थांबवलं न्हाई आज.

म्हणले, "सांग, रंगाचे दोन आमचे अन् जाऊबाईचे. बिनरंगाचे किती होते ते पण विचार."

बोलले खरी. पण रंग नसता तर कुणाला कळलं असतं, एकाच दिवसात इतक्या घरी जेवून येतो हा. चूल माझी, कोठी गयाबाईची, तांदूळ लेकरांचा. तेच चार पाय सगळीकडं.

शीतल रागावलेली. चिमीला माझ्याकडं दिलं मात्र, तेवढं बरं.

१६ ऑगस्ट, शनिवार
डॉक्टरीणबाई अंगणवाडीत आल्ती लेकरं तपासायला. गंभीर कुणी न्हाई. पुड्या वाटल्या. मला बघून म्हणली, "आजी, घरात उंदीर नव्हते ना तुमच्या?"

मी म्हणले, "न्हाई, सगळे बाहेर सोडले." बाया हसल्या. बाई पण हसली. माणूस चांगलं आहे.

मंग तिनं बसवून सांगितलं. मला समजलं तसं लिहिते. मामाच्या आतड्यात बारीक विषाणू राहतेत, डोळ्याला दिसत न्हाई. बऱ्याचदा त्याला काही होत न्हाई. लेंडीतून बाहेर पडतेत. तो त्यातूनच चालतो, मंग आपल्या परातीवरून. लेकरू परात चाटतं. सोडून दिला तर तो घरी तरी येतो न्हाई तर शेजारी जातो, रोग संगं घेऊन. गयाबाईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

मी विचारलं, "मंग आमच्या चिमीला त्यानंच दिलं का?"

"ते मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. हातातून येतं, पाण्यातून येतं. उंदराकडून येतं तसं माणसाकडून उंदराकडे पण जात असेल. ते मोठ्या प्रयोगशाळेत तपासतात तेव्हा थोडंफार कळतं."

खरं बोलणारी बाई. दुसरा असता तर छाती ठोकून सांगून मोकळा झाला असता.

पण ते डोक्यात फिरून राह्यलंय. माणसाकडून मामाकडं. आपण त्याला काय देतो? ज्वारी देतो, भजं देतो. बाकी...

१८ ऑगस्ट, सोमवार
सापडलं.

महालक्ष्म्यांच्या कोठ्या माळ्यावरून उतरवल्या. पत्र्याच्या, पोकळ. सणाला त्यांच्यावर मुखवटे बसवतो, साडी नेसवतो. ज्येष्ठेची कोठी हलकी लागायची ती आज जरा भरल्यावानी लागली. आत हात घातला तर मऊ. पांढरा कापूस, लोकरीवानी पिंजलेला, त्यात घर केल्यालं. पिलं गेल्ती, लेंड्या होत्या.

मी म्हणले गादीचा कापूस. शीतलनं एक तुकडा काडीनं उचलला. त्यावर पिवळं बदक.

चिमीच्या डायपरवरचं बदक. रात्रीचे डायपर. शीतल गुंडाळून देती अन् सकाळी उकिरड्यावर टाकायला जाते ती मी. रोज. मामा ते फाडून, लेकराच्या हगण्यासकट, माळ्यावर घेऊन आला. देवीच्या पोटात. अन् माळ्यावरून खाली पिठाच्या डब्यामागं.

लेकरू आजारी, त्याचं मामाकडं. मामाचं पिठाकडं. पिठाचं पुन्हा लेकराकडं. असंच असंल असं न्हाई, बाईनं सांगितलंय. पण असं असू शकतं, हे मी आपल्या हातानं बाहेर काढलं.

शीतल खाली बसली. मी एक वाक्य बोलले, बोलायचं नव्हतं. "आमच्या काळात लंगोट होते."

ती उठून आत गेली. दार लावलं न्हाई, पण लावल्यावानीच.

१९ ऑगस्ट
सकाळी मी माझं जुनं मऊ लुगडं फाडलं. लंगोट केले, चौकोनी. तिच्या खोलीत ठेवले. म्हणले, "दिवसा हे. धुवायचे मी. रात्री तुझे बदकवाले, झोप झाली पाहिजे तुझी पण. फक्त उकिरड्यावर न्हाई टाकायचे."

ती म्हणली, "मग कुठं?"

"दत्ता खड्डा करंल. वर पत्रा, पत्र्यावर दगड."

"आणि धुताना साबण. प्रत्येक वेळी. तुमचे हात पण, आई, कोपरापर्यंत. नुसतं पाण्याखाली धरायचे नाहीत."

"बरं."

"आणि ते मामा म्हणणं बंद. उंदीर म्हणायचं."

हे अवघड होतं. पण म्हणले, "उंदीर." भिंतीकडं बघूनच म्हणले, ऐकू दे.

ती हसली. पंधरवड्यात पहिल्यांदा. चिमीनं लंगोटातच शू करून उद्घाटन केलं.

लेंड्या झाडायच्या न्हाई, असं पण ती शिकून आली बाईकडून. झाडलं का धूळ नाकात जाती. आधी औषधाचं पाणी शिंपडायचं, भिजू द्यायचं, मंग फडक्यानं पुसायचं, फडकं जाळायचं. मी इतकी वर्षं खराट्यानं झाडून राह्यले होते, तोंडावर पदर पण न घेता. कोठ्या अशाच पुसल्या, उकळत्या पाण्यानं धुतल्या, उन्हात ठेवल्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पोळा. बैल एकच उरलाय आमचा, त्याला सजवला, चिमीला त्याच्यापुढं धरलं. बैलानं हुंगलं, हिनं त्याचं नाक धरलं. दोघांपैकी घाबरलं कुणीच न्हाई.

दत्ता भिंतीची बिळं बुजवून राह्यला. काच फोडून सिमेंटमधी. पिठाला घट्ट झाकणाचा डबा आला. ज्वारी पत्र्याच्या पिपात, खाली विटा, भिंतीपासून हातभर लांब. गयाबाईकडं पण तसंच. एकीनं करून चालत न्हाई, ते रंगानं शिकवलं.

२५ ऑगस्ट
श्रावण संपला, गणपती अजून यायचाय. या मधल्या दिवसांत दत्तानं पिंजऱ्याचं जे करायचं ते केलं. मी विचारलं न्हाई. त्यानं पण सांगितलं न्हाई. लाल पाठीचा होता का, एवढं मात्र तोंडातून निघून गेलं. "होता," म्हणला.

चिमी उभी राह्यली, पिपाला धरून. पीप वाजवलं.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. मूर्तीच्या पायाशी तो आहेच, लाडू धरून. हळदकुंकू लावलं त्याला. मातीचा आहे, त्याच्याशी भांडण न्हाई.

गयाबाई म्हणली, "बाई, ह्याला एक अन् त्याला एक, असं कसं?" मी म्हणले, "हा लाडू हातात धरून बसलाय, आपल्या परातीत न्हाई फिरत." तिला पटलं. मला पण बोलल्यावर पटलं.

३१ ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्या आल्या. कोठ्या चकचकीत. ज्येष्ठेला हिरवी साडी, कनिष्ठेला मोतिया. देवीची पिलवंडं, लहान मुखवट्यांची, पुढं बसवली, गव्हाची रास, ज्वारीची रास. चिमी सारखी पिलवंडाकडं सरकून राह्यली, तिला वाटलं ते पण कुणाचं लेकरू.

वर फुलोरा टांगतो आम्ही, करंज्या, शेवया, वेण्या. दर वर्षी रात्री एखादी करंजी कुरतडलेली असायची. गणपतीच्या वाहनानं खाल्ली म्हणायचो, तेवढा तुकडा मोडायचो, बाकी प्रसाद म्हणून लेकरांच्या हातात. पहिला तुकडा सगळ्यात लहान लेकराला.

या वर्षी सांगून टाकलं. फुलोरा दिवसा टांगायचा, दिवे लागले का डब्यात. शेजारची म्हातारी म्हणली, देवीला उपाशी ठेवती का रात्री? मी म्हणले, देवी लेकुरवाळी आहे, तिला कळतं. शीतल भाजी चिरून राह्यली होती, वर बघितलं न्हाई तिनं, पण ऐकलं.

१ सप्टेंबर, सोमवार
आज जेवणं. पुरण, आंबील, सोळा भाज्या. दारात बादली अन् साबण ठेवला, हात धुतल्याशिवाय पान न्हाई. पुरुष माणसं कुरकुरली, धुतले. फुलोरा पूर्ण, एक पण करंजी फुटलेली न्हाई. पिंजरा रिकामा. भजं तसंच, वाळून गेलं.

नीलेश आल्ता जेवायला. हात धुतले त्यानं, साबण हुंगून बघितला. म्हणला, "आई, बदललं की घर." मी अजून एक पोळी वाढली. त्यानं आज न्यायचं काढलं न्हाई. मीच म्हणले, "दिवाळीला ये घ्यायला, चार दिवस नेऊन आणून सोड." त्यानं शीतलकडं बघितलं. शीतल म्हणली, "बघू."

"बघू" चांगलं आहे. "आज नाही"पेक्षा बरं.

२ सप्टेंबर, मंगळवार
महालक्ष्म्यांची बोळवण आज. मुखवटे अजून काढले न्हाई, दही-भाताचा नैवेद्य व्हायचाय.

सकाळी चिमीला एक जुलाब. पातळ.

लंगोट मीच सोडला, मीच बघितला. धुवून टाकून गप बसता आलं असतं. शीतलला हाक मारली, दाखवला.

तिनं हात लावून कपाळ बघितलं. ताप न्हाई. खालच्या हिरडीत दात टोचून राह्यलाय, कालपासून सगळं चावती, दातानं पण होतं असं म्हणतेत. काल आंबील पण चाटली होती कुणाच्या तरी बोटावरची. अन् तेच पुन्हा असलं, तर ते पण असंल. मी काहीच नाव दिलं न्हाई त्याला.

शीतलनं मोबाईल हातात घेतला. नीलेशचा नंबर लावती का डॉक्टरीणबाईचा, ते मला दिसत नव्हतं. बराच वेळ धरून बसली. मंग बाईला लावला. बाई म्हणली, पुडी सुरू करा, अंगावरचं दूध चालू ठेवा, सुस्त पडली न्हाई तर डोळे अन् शू बघत राहा. डोळे आत गेले, शू कमी झाली तर लगेच या.

मी पाणी उकळून गार केलं, पुडी कालवली. हात धुतले, कोपरापर्यंत. वाटी तिच्याकडं दिली. ती म्हणली, "तुम्ही पाजा, आई. तुमच्याकडून घेते ती."

"अन् पिशवी?" मी विचारलं. बाहेर काढून ठेवली होती तिनं, चिमीच्या कपड्यांची. रिकामीच.

"संध्याकाळपर्यंत थांबू."

आता दुपार. एक वाटी पिऊन झाली, दुसरी चालू. चमचा सोडत न्हाई, हिरडीनं चावून राह्यली. लंगोट बदलला, ओला आहे, नुसता ओला. पिशवी तिथंच आहे. शीतल तिच्याजवळ बसून भाताचं पाणी गाळून राह्यली, अन् चिमी माझ्या मांडीवर, चमच्यासकट माझं बोट ओढती. चांगली ताकद आहे हाताला.